कुरूमच्या बाईची जागा

वऱ्हाड संगीत मंडळीचा हंगाम संपला की रोडगे व्हायचेच. दिवाळीनंतर नाटक उभं राहायचं, चैत्रात थांबायचं, आणि मग एका रविवारी सगळी मंडळी भातकुलीजवळ डोमाजी वानखड्यांच्या वावरात जमायची. यंदाही सकाळी दहापासून निंबाखाली गोवऱ्या पेटल्या होत्या. निखाऱ्यात रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजत होते, शेजारच्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, आणि जेवणाआधीचा रिवाज चालू होता. प्रत्येकाने सरत्या हंगामातली एक आठवण सांगायची.

रश्मीने सेमाडोहची सांगितली. उघड्यावरच्या प्रयोगात कुलदीपने वरचा षड्ज लावला आणि बाजूच्या छपरावरून वानरांनी असा काही कल्ला केला, की तान पुढे न्यावी की तिथेच सोडावी, हे त्याला कळेना. कुलदीपने परतफेड म्हणून परतवाड्याला रश्मीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या ते सांगितलं. सगळे पोट धरून हसले.

शेवटी पाळी वामनराव इंगोल्यांची. वामनराव मंडळीचे संगीतकार. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गाणं शिकवलं, आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या नाटकांत पेटी वाजवली. दरवर्षी या वेळी ते "सगळं ठीक झालं, चला जेवू" एवढंच म्हणत. यंदा त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मांडी नीट घातली.

"मी पहिल्या प्रयोगापासून सांगतो," ते म्हणाले. डोमाजींनी भाजीखालचा जाळ कमी केला.

'संगीत बोंडफूल' हे नाटक लिहिलं डोमाजींनी. एसटीतून निवृत्त झालेला हा माणूस वामनरावांचा चाळीस वर्षांचा दोस्त. कापूस वेचणारी पोरगी आणि जिनिंगच्या काट्यावरचा तोलाईवाला, यांची प्रेमकथा. त्यातल्या चौदा पदांना चाली दिल्या वामनरावांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. दुसऱ्यांच्या चाली जन्मभर वाजवल्यावर या त्यांच्या स्वतःच्या पहिल्याच.

अमरावतीला पहिला प्रयोग झाला तेव्हा अर्धा हॉल रिकामा होता. जे आले होते ते फार सभ्य होते. प्रत्येक पदानंतर टाळ्या पडल्या, पण पाहुण्यांच्या भाषणानंतर पडतात तशा. वन्समोअर एकही आला नाही. बाहेर पडताना एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "छान. मेहनत दिसते."

ती मेहनत वामनरावांच्या जिव्हारी लागली. चार दिवस त्यांनी पेटीवरचं कापड काढलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी डोमाजींना फोन केला.

"अकोल्याचा प्रयोग रद्द करू."

"बयताड झाला का? हॉल बुक हाये, तारीख पेपरात गेली."

"मी सोता जाऊन सांगतो त्याइले. माही चाल, माहा निर्णय."

बुधवारी सकाळी बडनेऱ्याहून ते पॅसेंजरमध्ये बसले. कुलदीप आणि रश्मी, नाटकाचे दोन्ही मुख्य गायक, रोज याच गाडीने अकोल्याला अप-डाउन करतात, हे त्यांना ठाऊक होतं. कुलदीप कृषी विद्यापीठात माती तपासायचा, रश्मी बँकेत होती. ते भेटू नयेत म्हणून वामनराव मुद्दाम शेवटच्या डब्यात शिरले आणि खिडकीशी तोंड करून बसले.

कुरूम आलं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या टोपल्या घेऊन बायका चढल्या, गाडी हलली, आणि पलीकडच्या बाकांवरून कुणीतरी जेवणाच्या डब्यावर ठेका धरला.

*वेचता वेचता हाक आली,*
*कोन बलावते मले?*

वामनरावांचा हात खिडकीच्या गजावरच राहिला. हे त्यांचं पद होतं. रश्मीचा आवाज त्यांनी ओळखला, कुलदीपचाही. पण त्यांच्यासोबत आणखी पंधरा-वीस गळे होते, आणि त्यातला एकही अडखळत नव्हता. ध्रुवपद फिरून आलं तेव्हा त्यांनी कान टवकारले. 'हाक आली' या शब्दांवर त्यांची चाल पायरी-पायरीने सरळ खाली उतरत होती. इथे मात्र एका बाईचा आवाज 'हाक'वर थबकला, एक सूर वर गेला, तिथे जरा थरथरला आणि मगच उतरला.

गाण्यातल्या अशा वळणाला गाणारे लोक जागा म्हणतात. ही जागा त्यांनी बांधलेली नव्हती.

ते उठले. बाकांना धरत धरत पलीकडे गेले. एक शिक्षक, कोर्टातले एक बाबू, नर्सिंगच्या तीन-चार पोरी, आणि दाराजवळ टोपलीला टेकून बसलेली पंचावन्न-साठीची एक बाई, डोळे मिटलेले. रश्मीने सरांना पाहिलं आणि तिचा शब्द अर्ध्यात तुटला. कुलदीप उभाच राहिला.

"सर, घरी पोचाले आठ वाजतात. तालमीले वेळच भेटत नाही. म्हणून सप्टेंबरपासून आमी इथंच म्हणून राहिलो."

"सप्टेंबरपासून? म्हणजे नाटक उभं राहायच्या आधीपासून?"

"हाव सर."

वामनरावांच्या उमेदीच्या काळात नव्या नाटकाच्या तालमी खिडक्या लावून व्हायच्या, पदं फुटू नयेत म्हणून. आणि इथे त्यांची चौदाच्या चौदा पदं तीन महिने भाजीच्या टोपल्यांसोबत अकोल्याला जात होती. ते रागाने लाल झाले. पण कान रागापेक्षा हट्टी होता. ते दाराजवळच्या बाईकडे वळले. तिचं नाव माणिकबाई होतं, हे त्यांना नंतर कळलं.

"बाई, 'हाक'वर तुम्ही जे घेतलं, ते कोणी शिकवलं?"

"कोनी नाही शिकवलं भाऊ. चुकलं का?"

"चुकलं. तिथं सरळ खाली यायचं असतं."

माणिकबाईने थोडा विचार केला. "तुमी कदी कापूस वेचला का भाऊ?"

"नाही."

"वेचतानी बाई वाकेल असते. दुरून कोनी हाक मारली त ते पयले मान वर करते. कोन हाये ते पाह्यते. मंग वापस वाकते. तुमची पोरगी हाक आयकून अजून खालीच चालली. तिले दिसन कसं कोन बलावून राह्यलं ते?"

नर्सिंगच्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. गाणं म्हणजे मानेचा व्यायाम नव्हे, असं वामनराव म्हणणार होते. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"पुन्हा म्हणा बरं," ते म्हणाले.

तिने म्हटलं. त्यांनी मनात धरलं. दुसऱ्यांदा ते हळूच सोबत गुणगुणले. तिसऱ्यांदा त्यांनी एकट्याने घेऊन पाहिलं.

"नाही भाऊ," माणिकबाई म्हणाली, "थोडं आजून थांबा. हाक दुरून येऊन राह्यली."

आधी कोर्टातले बाबू हसले, मग पोरी, मग सगळा डबा. आणि वामनरावांनाही हसू आलं. पहिल्या प्रयोगानंतर ते प्रथमच हसत होते. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. शिक्षकांनी सरकून जागा करून दिली होती. वामनराव डायरी मांडीवर घेऊन सूर लिहीत होते आणि माणिकबाई मान हलवून हो-नाही सांगत होती. बाबूंनी धीर करून आपलंही सांगून टाकलं. तोलाईवाल्याचं दुसऱ्या अंकातलं पद कुरूमला सुरू होतं आणि माना स्टेशन गेलं तरी संपत नाही, लोकांचा जीव कंटाळतो.

अकोल्याला उतरून वामनराव हॉलवर गेले. तिथल्या व्यवस्थापकाने विचारलं, "काय काम होतं?"

"मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचते का, तेवढं पाहाले आलो," वामनराव म्हणाले, आणि मागच्या रांगेत जाऊन बसून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेल्वेचा पास काढला. अडीच आठवडे रोज सकाळी ते त्याच डब्यात बसत. तोलाईवाल्याचं पद दोन कडव्यांनी छाटलं. आणखी तीन चाली ढिल्या होत्या, त्या कसल्या. घरी बायकोला वाटलं, की डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय.

अकोल्याचा प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. साडेतीनला डोमाजी पडद्याच्या फटीतून बघून आले ते गोंधळलेल्या चेहऱ्याने.

"वामन, हे कोन लोक व्हय? मी त यातल्या एकालेबी नाही ओळखत."

वामनरावांनी फटीला डोळा लावला. पॅसेंजरचा सगळा डबा आला होता, बायकापोरांसकट, आणि शेजारच्या दोन डब्यांना घेऊन. तिसऱ्या रांगेत माणिकबाई दोन जावांसोबत इस्त्रीच्या साडीत ताठ बसली होती.

पहिल्या अंकाच्या मध्यावर वेचणीचा प्रवेश आला. वामनरावांनी पेटीवर सूर दिला. वाकलेल्या रश्मीने गायला सुरुवात केली, 'वेचता वेचता', आणि पुढचा 'हाक' तिच्या तोंडून निघायच्या आत अख्ख्या हॉलने उचलला. वर नेला, थांबवला, थरथरवला आणि उतरवला. रश्मी क्षणभर भांबावली. मग तिने गाणं प्रेक्षकांवर सोपवलं, हळूच मान वर केली आणि हाक कुठून आली ते शोधत हॉलभर नजर फिरवली. तालमीत असं काहीच ठरलं नव्हतं. वामनरावांना पुढचे सूर दिसेनात, चष्म्यावर धुकं आलं होतं, पण बोटं वाट चुकली नाहीत. वन्समोअर आला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्या वेळी तर तबलजीनेच न विचारता ठेका धरला.

प्रयोगानंतर वामनराव रंगमंचावर पुढे आले.

"या पदातली सगळ्यात चांगली जागा माझी नाही," ते म्हणाले. "ती कुरूमच्या माणिकबाईंची आहे. माझं चुकलं होतं, त्यांनी दुरुस्त केलं."

त्यांनी तिला वर बोलावलं. ती आली नाही, "मी इथूनच बरी," म्हणाली. पण जावांनी दोन्हीकडून कोपर मारल्यावर जागच्या जागी उभी राहिली, आणि एवढ्या मोठ्या हॉलला तिने शांतपणे नमस्कार केला.

त्यानंतर नऊ प्रयोग झाले. अमरावतीचा दुसरा प्रयोग लोकांनी भिंतीशी उभं राहून पाहिला. मेहनत दिसते, असं कुणीही म्हणालं नाही.

वामनराव थांबले. निंबाखालच्या निखाऱ्यांतला एक रोडगा डोमाजींनी काडीने उलटला.

"चाळीस वर्षांत तू एवढा बोलला नाही," डोमाजी म्हणाले. "आता मले बोलाले काही ठेवलंच नाही."

वांग्याच्या गंजाशी बसलेली माणिकबाई सांबार चिरता चिरता ऐकत होती. यंदा तिलाही बोलावणं होतं. तिने विळा बाजूला ठेवला.

"एक गोठ राह्यली भाऊ. तुमी अमरावतीले गेले, अकोल्याले गेले, पार सेमाडोहपावतर गेले. कुरूमले काहून नाही आले?"

मंडळीने एकमेकांकडे पाहिलं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुरूमले हॉल कुठी हाये बाई?" डोमाजी म्हणाले.

"बाजाराचं पटांगन हाये न. आमी सतरंज्या टाकून देऊ. तुमाले फक्त गाडीतून उतराचं हाये."

वामनरावांनी डोमाजींकडे पाहिलं. डोमाजींनी खांदे उडवले, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

"पुढच्या हंगामाचा पहिला प्रयोग कुरूमला," वामनराव म्हणाले. "पण माझीही एक अट आहे. वेचणीच्या प्रवेशात मागं चार बायका वेचताना दिसायला हव्यात. आमच्या पोरी वाकतात त्या केर काढल्यासारख्या. तुम्ही यायचं."

माणिकबाई लाजेल असं सगळ्यांना वाटलं. तिने फक्त विचारलं, "गाणंबी म्हनाचं का?"

"म्हणायचंच."

"मंग माह्या दोन्ही जावा पाह्यजेत. एकटी नाही येत मी. अन् चौथी आमच्या शेजारची इंदूबाई, तिचा आवाज माह्यापेक्षा बरा हाये."

माणिकबाईपेक्षाही बरा आवाज, हे ऐकून रश्मीने कुलदीपकडे पाहिलं आणि दोघांना हसू आवरेना. वामनराव मात्र गंभीरपणे डायरीत नावं लिहीत होते. तोवर माणिकबाईने कंबरेचा मोबाईल काढून कानाला लावला होता.

"आयक वं," ती थोरल्या जावेला सांगत होती, "दिवाळीनंतरचं काई ठरवू नको. नाटकात काम हाये आपल्याले. हाव, नाटकात. अवं नाही, पाहाले नाही जाचं, कराले जाचं. साडी कोनती नेसाची ते मंग सांगतो."