समोर माणूस उभा आहे

दसऱ्याला मशिनींची पूजा विमलाबाईनंच करायची, हा वारासिवनीच्या त्या राईस मिलमधला रिवाज. सेठनं घातलेला नव्हे, कामगारांनी. वर्षभर बाई सांडलेलं धान झाडायची, तिच्याकडे ढुंकूनही कोणी पाहायचं नाही. पण त्या दिवशी ताट तिच्या हातात. बॉयलर झाला, ड्रायर झाला, वजनकाटा झाला आणि शेवटी राहिला तो नवा हात. पिवळाधमक, लोखंडी, पोती उचलून आपली आपण थप्पी लावणारा. तिच्या पोराचं, राजूचं काम खायला आलेला.

राजू हमाल. त्याचा बापही याच मिलचा हमाल होता, पोती वाहता वाहता वाकला आणि तसाच गेला. आता हा हात नीट चालला की गोदामात हमाल लागणार नव्हते. सेठनं तसं तोंडावर सांगितलं होतं.

"त्याले नोको लावू, माय," राजू म्हणाला.

"असं कसं बाप्पा? सवत घरात आली तरी कुंकू लावाच लागते," असं म्हणून विमलाबाईनं त्याच्या पायाशी चांगलं बोटभर हळदकुंकू चोपडलं आणि हार घातला. मनात राग होता, नाही कशाला म्हणा. पण देवाच्या दिवशी भेद करायचा नाही, एवढं ती जाणत होती.

दुसऱ्या दिवशी मिल सुरू झाली. आजकाल तिथं सगळं एकमेकांशी बोलायचं. धान किती ओलं, बॉयलर किती तापला, पोतं किती भरलं, याची खबर ड्रायर वजनकाट्याला देई, वजनकाटा हाताला, आणि सगळ्यांची मिळून प्रियंकाच्या पडद्यावर येई. प्रियंका जवळच्याच लालबर्‍या गावची पोरगी, आयटीआय शिकलेली, त्या मिलमधली पहिलीच बाई ऑपरेटर. आज मात्र हात जागचा हलेना. पडद्यावर एकच ओळ येत राहिली : समोर माणूस उभा आहे.

समोर चिटपाखरू नव्हतं! प्रियंकानं हार काढला, वरचा कॅमेरा पुसला, बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. कंपनीचा माणूस नागपुरात बसून फोनवर म्हणाला, मलाही इथं तेच दिसतंय, त्या माणसाला आधी बाजूला करा.

"राजूचा बाप उभा असंन!" म्हातारा महागू हमाल खो खो हसला. विमलाबाईला ते हसणं अजिबात रुचलं नाही.

सेठ आला, पाहिलं आणि प्रियंकाला हिंदीतच म्हणाला, "शाम तक नहीं चली तो मशीन वापस. और बेटा, तुम भी घर."

पोती तर उचलायलाच हवी होती. हमालांना हाक गेली. राजूनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता, की लग्नातही फुलला नसेल.

विमलाबाई झाडू घेऊन हाताच्या पायथ्याशी वाकली. जमिनीलगत, कोपऱ्यात, काळ्या काचेची एक बारकी पट्टी होती. पूजेच्या वेळी तिला तो मशिनीचा अंगठा वाटला होता. त्याच्यावर तिच्याच बोटाचं हळदकुंकू वाळून घट्ट बसलं होतं. अव माय! हा तर डोळा! आपणच त्याच्या डोळ्यात कुंकू भरलं, आणि ते बिचारं समजतंय की समोर कोणी उभं आहे.

तिनं झाडू तसाच पुढे नेला. कोणी पाहिलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत गप्प राहायचं, एवढंच तर होतं. देवानंच दिलं म्हणायचं. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत प्रियंका पाण्याच्या टाकीमागे डबा न उघडता बसली होती. डोळे सुजलेले.

"मावशी, बाबा म्हनत होते, पोरीच्या हातानं मशीन चालत नाई. आता गावभर तेच म्हनतील. मी काहीच चुकवलं नाई हो. आईशप्पथ."

"जेवून घे व पोरी," विमलाबाई म्हणाली. तिनं स्वतःचा डबा झाकून ठेवला. पोर खरं बोलत होती, आणि हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

सुट्टी संपली. विमलाबाईनं प्रियंकाचा हात धरला, तिला मशिनीपाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. "माहं कुंकू हाय हे. मीच लावलं."

प्रियंका वाकली. आधी हसली, मग रडली, मग ओढणीनं काच लख्ख पुसून हिरवं बटण दाबलं. हात घुमला, वळला आणि त्यानं पोतं अलगद उचललं. राजू तेव्हा पोतं पाठीवर घेऊन दारात होता. तो आईकडे पाहत राहिला, मग पोतं खाली ठेवलं आणि शर्ट न घेताच निघून गेला.

दिवेलागणीला तो घरी आला. तिनं ताट वाढलं.

"सकाळपासून मालूम होतं तुले?"

"हौ."

"मंग काहून सांगतलं?"

"आळ पोरीवर येऊन राह्यलता, राजू. चूक माही होती."

तो भांडेल, ताट सारेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं भात कालवला आणि मान वर न करता म्हणाला, "मशीन खोटं नोती बोलत, माय. समोर मी उभा होतो."