घंगाळावरची तापी

दोघींच्या पर्स कामिनीच्या हातात होत्या. एक दिपमालाची ऑफिसची, आणि दुसरी मंजुळाबाईंची कापडी, चेन तुटल्यामुळे सेफ्टी पिन लावलेली. तिची मुलगी आणि मुलीची सासू दुकानाच्या आतल्या बाजूला लोखंडी कपाटं आणि मोडक्या सोफ्यांच्या फटीत शिरल्या होत्या आणि तिथून काहीतरी जड बाहेर ओढत होत्या.

"अक्का, तुमच्या बाजूनं उचला ना!"

"उचलूच राह्यली मी. तूच सोडू राह्यली तिकडून."

"अक्का, सांभाळा. फरशी फुटली त भरून द्यावी लागेल," पंडित गल्ल्यावरूनच म्हणाला. जुन्या सामानाचं हे दुकान त्याचं.

"फुटेलच आहे ते तुही फरशी. अजून काय फुटीन?"

पंडित हसला. दिपमालाही हसली, आणि हसताना तिच्या हातातली कडी सुटली. घण्ण असा आवाज झाला. धुळीचा लोट बसल्यावर कामिनीला दिसलं ते एक मोठं पितळी घंगाळ होतं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. मंजुळाबाईंनी पदरानं त्याचं बूड पुसलं आणि बोट आरपार घातलं.

"पाह्य. भोक आहे."

"मस्त!" दिपमाला म्हणाली. "वायर इथूनच घालायची. उलटं टांगायचं, जेवायच्या टेबलावर. आतून सोनेरी उजेड, बाहेरून हे असं."

हे असं म्हणजे कडेखालचा हिरवा थर आणि पोटावरचा काळसर तपकिरी रंग. कामिनी पुढे वाकली. धुळ्याच्या कॉलेजात तिनं आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. तिला दिसला तो ताम्र कार्बोनेटचा थर, ओलाव्यात वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळे साचलेला. काही म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण दिपमाला त्या हिरव्या रंगावरून बोट फिरवत होती.

"अक्का, ही बघा तापी. अशी वळण घेऊन जाते."

"मंग आमचं फैजपूर कोठी?"

"हा ठिपका. आणि खाली हे आपलं जळगाव."

"केळीचा बाग नाई दिसत त्यात."

"सगळा हिरवाच तर आहे, अक्का!"

"आणि धुळं?" कामिनीनं विचारलं.

दिपमालानं मान तिरकी करून पाहिलं. "धुळं कडीच्या पलीकडे गेलं गं आई. मावलं नाही."

दोघी पुन्हा हसल्या. कामिनीनं दोन्ही पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घेतल्या.

ती काल आली होती, लेकीला आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी घेऊन जायला. दिपमालाला भाऊ नव्हता. वडील होते तोवर तेच यायचे. ते गेल्यावर कामिनी फोन करायची. गेल्या वर्षी "बघते आई" म्हणून दिपमाला आलीच नाही, म्हणून यंदा तिनं स्वतः बस पकडली होती. कालपासून दिपमाला "बघते" एवढंच म्हणत होती. आणि मंजुळाबाई? त्यांना दोष द्यावा तर तशीही सोय नव्हती. काल जेवताना त्याच म्हणाल्या होत्या, "जाय ना व माय. माय दारी आली घ्याले, आन तू बघते काय म्हणते?"

"अहो अक्का, ते पाळण्याचं काम अर्धं राहिलंय," दिपमाला म्हणाली होती.

पाळणा म्हणजे भंगारात निघालेल्या एका पाळण्याच्या चार दांड्या. घरभर असंच होतं. शिलाई मशिनच्या लोखंडी पायांवर आरसा, धान्य मोजायच्या पायलीत मनीप्लँट, रेडिओच्या लाकडी पेटीत चपला. शाळेचा एक बाक होता. त्यावर कुण्या पोरानं कर्कटकानं कोरलेलं बदामाचं चित्र मुद्दाम तसंच ठेवलं होतं. काल शेजारची एक बाई तो बाक पाहून म्हणाली, "काय कला आहे गं तुझ्या हातात!" तेव्हा दिपमाला लगेच म्हणाली, "कसली कला? नजर आमच्या अक्कांची. मी नुसती पॉलिशवाली."

कामिनी त्या वेळी चहाच्या कपातली साय चमच्यानं बाजूला करत होती. ती बराच वेळ तेच करत राहिली.

घंगाळ रिक्षातून घरी आलं. दिपमाला तशीच ऑफिसला गेली. जाताना दारातून ओरडून गेली, "अक्का, त्याला हात लावू नका! संध्याकाळी मी फक्त कोरड्या फडक्यानं पुसून मेण लावणार आहे. रंग जायला नको."

"नाई लावत व माय, जाय."

दुपारी मंजुळाबाई शेजारी कुरडयांना मदत करायला गेल्या. "तुमी पडा जरा, इहिनबाई," असं म्हणून त्यांनी कूलर सुरू करून दिला. जावई भूपेंद्र केळीच्या गाड्यांमागे रावेरला गेलेला. तो उद्याशिवाय येणार नव्हता.

कामिनी पडली नाही. थोडा वेळ ती त्या बाकावर बसली. मग उठून मागच्या अंगणात गेली. घंगाळ मोरीजवळ सावलीत उपडं ठेवलेलं होतं. शेजारी पाण्याचा नळ होता. तिनं बोटानं कडेखालची हिरवी रेघ चाचपली. खरखरीत होती. ती आत गेली, फळीवरून चिंचेची बरणी काढली, मूठभर चिंच कोमट पाण्यात भिजवली आणि त्यात जाडं मीठ टाकलं.

भिजायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती परत फिरू शकली असती. उलट तिनं मोरीतली काथ्याची घासणी शोधली, पदर खोचला आणि दगडावर बसली.

सगळ्यात आधी तापी गेली. कोळ लागल्याबरोबर हिरव्या रेघेवर बारीक बुडबुडे आले, कोळाचा रंग निळसर झाला आणि ओघळ मोरीकडे निघाला. आम्ल आणि कार्बोनेट. दरवर्षी अकरावीच्या वर्गात ती हे समीकरण फळ्यावर लिहायची आणि मग विचारायची, "ही क्रिया उलट दिशेनं होईल का?" पुढच्या बाकावरच्या मुली हात वर करायच्या.

काळसर थराला मात्र जोर लागला. उन्हात तापलेली भिंत पाठीशी, समोर पितळ, आणि खांद्यातून निघणारी कळ. कामिनी थांबली नाही. तिनं बूड घासलं, कड्यांच्या खाचा घासल्या, भोकाची कड चिंधी पिळून आतून घासली. शेवटी पाणी ओतलं तेव्हा अंगणात इतका उजेड पसरला की तिनं डोळे बारीक केले.

मंजुळाबाई परत आल्या तेव्हा कुरडयांचं पीठ त्यांच्या मनगटापर्यंत वाळलेलं होतं. त्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. आधी घंगाळाकडे पाहिलं, मग कामिनीच्या हातांकडे. बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली होती आणि नखांच्या कडा हिरवट झाल्या होत्या.

"सणाचं भांडं," कामिनी म्हणाली. "म्हटलं, हात फिरवावा."

मंजुळाबाई आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या.

"लावा. चिंच लागली का रात्री चुरचुरते."

"मी…"

"लावा हो."

कामिनीनं तेल लावलं. मंजुळाबाईंनी घंगाळ एका कडीनं धरून पुढच्या खोलीत ओढत नेलं. कामिनी मदतीला उठली, पण तोवर ते टेबलाखाली जाऊन बसलं होतं.

संध्याकाळी दिपमाला आली ती मेणाचा डबा हातात घेऊनच. चपला काढता काढता तिची नजर टेबलाखाली गेली. डबा तिनं हळूच शाळेच्या बाकावर ठेवला.

"हे काय आहे?"

कामिनी भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिनं उत्तर द्यायच्या आधीच स्वयंपाकघरातून मंजुळाबाई म्हणाल्या, "मी घासलं व. आखाजी आली. घरात काळं-हिरवं भांडं कसं ठेवू?"

"अक्का!"

"काय अक्का? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं? लोकांसाठी आणलं होतं का ते? सकाळी दारातून ओरडून गेले, हात लावू नका म्हणून! तुम्ही 'नाही लावत' म्हणालात. काहून घासलं मग? सांगा ना, काहून घासलं?"

कामिनीनं मान वर केली. 'काहून' हा इकडचा शब्द तिच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"मले वाटलं…"

"तुम्हाला काही वाटू नका देऊ! मागच्या वेळीही असंच. त्या लाकडी मूर्तीला ऑइलपेंट फासला. तेव्हाही वाटलंच होतं तुम्हाला!"

"ओरडू नको. कान शाबूत आहेत माहे."

"मग त्या कानांनी ऐकत का नाही? आज चहा तुमचा तुम्ही करा. मी करणार नाही. आणि उद्या पंडितभाऊकडे जाऊन म्हणा, असंच दुसरं द्या. बघू देतो का!"

"जाईन. मले काय भेव आहे त्याचं?"

"जा! आत्ताच जा!"

दिपमालाचा आवाज चिरकला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. कामिनी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. हा चेहरा तिला ओळखीचा होता. दिवाळीच्या साफसफाईत तिनं एकदा पलंगाखालचं खोकं भंगारवाल्याला दिलं होतं. टॉर्चच्या काचा, बाटल्या, बल्बचे होल्डर, सायकलच्या घंटीची टोपी. शाळकरी दिपमालानं कुठून कुठून जमवलेला कचरा. पोर अशीच मुठी आवळून ओरडली होती आणि न जेवता झोपली होती. त्यानंतर ती आईवर ओरडल्याचं कामिनीला आठवेना. त्यानंतरचं सगळं नीट होतं. बारावी, पदवी, नोकरी, लग्न. फोनवर "हो आई", "बरं आई", "गोळ्या घेतल्यास का?"

समोर दोघी अजून भांडत होत्या. मंजुळाबाई सांडशी हातात घेऊन दारात आल्या होत्या आणि दिपमाला त्यांच्या इतकी जवळ उभी होती की एकीचा पदर दुसरीच्या ओढणीला लागत होता.

"मी घासलं," कामिनी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही.

"दिपमाला. त्यांनी नाही. मी घासलं ते."

दिपमाला वळली. मंजुळाबाईंनी डोळे मिटून मान हलवली, कशाला बोललात, अशी. कामिनी खुर्चीत ताठ बसली. तेल लावलेले हात तिनं मांडीवर उघडे ठेवले आणि ती वाट पाहू लागली.

दिपमालानं ते हात पाहिले. गॅसची कळ बंद करावी तसा तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. मुठीतली ओढणी सुटली.

"अगं… असू दे मग, आई. छान दिसतंय की."

"छान नाही दिसत. तुला तो रंग हवा होता."

"नाही गं, असं काही नाही."

"मला माहीत होतं. तू जाताना सांगितलेलं मी ऐकलं होतं. तसा रंग आता काही केल्या यायचा नाही, हेही मला माहीत होतं."

तिचा आवाज थोडा चढला होता. शेवटचं वाक्य तर तिनं जवळजवळ आव्हान दिल्यासारखं म्हटलं.

दिपमाला तिच्या शेजारी येऊन वाकली. तिनं आईचा एक हात हातात घेतला, नखांकडे पाहिलं आणि परत मांडीवर ठेवला.

"किती घासलंस उन्हाचं. खांदा दुखत असेल," ती म्हणाली. मग जराशानं, "मी येते उद्या तुझ्याबरोबर. धुळ्याला. सकाळच्या गाडीनं निघू. सण करू, दोन दिवस राहीन."

"तुझं ते पाळण्याचं काम…"

"होईल ते. तू कशाला काळजी करतेस?"

कामिनीनं मान डोलावली. याचसाठी ती आली होती.

दिपमाला आतल्या खोलीत गेली. मंजुळाबाई तिच्या मागोमाग गेल्या. कपाटाचं दार वाजलं, बॅग ओढल्याचा आवाज आला.

"ही कायले भरते? ही साडी धुळ्याले नेते का? तुह्या मायकडे लोकं येतीन जेवाले."

"अक्का, तुम्ही आता माझ्याशी बोलू नका."

"नाई बोलत. हे चार आंबे घे."

"बोलू नका म्हटलं ना! आणि खोटं का बोललात? सांगा आधी. खोटं का बोललात माझ्याशी?"

"हळू बोल व, ऐकू जाईन."

पुढचं कुजबुजत चाललं, पण कुजबुजीतही दिपमालाचा चढा सूर ओळखू येत होता. काहीतरी आपटलं. मग मंजुळाबाई काहीतरी म्हणाल्या आणि दिपमाला मनाविरुद्ध, नाकातून हसली.

कामिनी उठली. खोलीच्या दारापर्यंत गेली आणि पडद्याशी थांबली.

"मी काही घडी घालू का गं?"

आतले आवाज थांबले. पडदा बाजूला करून दिपमाला बाहेर आली, तोंडभर हसून, काल शेजारणीला पाहून हसली होती तशी.

"नको गं आई. तू बस ना निवांत. दमली असशील."