आवाजाच्या फाइलीतली पेटी

विजयसिंहनं बाकीचे सगळे ट्रॅक बंद केले आणि बायकोचा आवाज तेवढा चालू ठेवला. शब्द नव्हते, वर्षाराणी नुसती गुणगुणत होती. पडद्यावर इचलकरंजीच्या शेडमधली एक बाई एकेक माग बंद करत चालली होती. शेवटचा माग थांबला तिथं गुणगुणणंही थांबलं. बाई रिकाम्या शेडमध्ये उभी राहिली, तेवढा वेळ संगीत नव्हतंच.

त्यानं ते पुन्हा ऐकलं. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

कसबा बावड्यातल्या त्या स्टुडिओच्या पाटीवर नवराबायको दोघांचं नाव होतं. चाल त्याची आणि गळा तिचा, असं लोक समजत. त्यानंही ते कधी खोडून काढलं नव्हतं. पण दिग्दर्शिका सोनमनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की या चित्रपटाला तिला एकट्या वर्षाताईंचं संगीत हवंय. विजयसिंह तेव्हा चहा घेऊन आत येत होता. तो हसला, छान झालं म्हणाला. पुढं वर्षाराणी आतल्या खोलीत दार लावून काम करी आणि तो बाहेर लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडत बसे. जेवताना ती विचारायची, थोडं ऐकवू का? तो म्हणायचा, सगळं झालं की एकदमच ऐकतो.

आता झालं होतं. फाइली तयार करायचं काम नेहमी त्याचंच. चित्रपटासाठी संगीत एकजीव करून देत नाहीत. आवाज, तंतुवाद्यं, ताल, प्रत्येकाची फाइल वेगळी, म्हणजे काय दाबायचं आणि काय पार काढायचं हे दिग्दर्शकाला शेवटी ठरवता येतं. एकाच फाइलीत मिसळलेलं मात्र तिकडं कुणाला सुटं करता येत नाही.

त्यानं पेटी ओढून घेतली. वर्षाराणीच्या शेवटच्या सुराखालून एक सूर धरला आणि तो रिकाम्या शेडभर फिरवत नेला. वाजलं बरं. मग त्यानं ते तिच्याच आवाजाच्या फाइलीत मिसळून टाकलं. आता पेटी काढायची तर वर्षाराणीलाच काढावं लागणार होतं.

संध्याकाळी ती बाजारातून आली आणि पाठवण्याआधी फाइली ऐकायला बसली. गरज नाही, मी तपासल्यात, असं त्यानं सांगून पाहिलं. ती म्हणाली, एकदा ऐकते. तो गच्चीवर जाऊन उभा राहिला. साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. बऱ्याच वेळानं तिनं खालून हाक मारून फाइली पाठवल्याचं सांगितलं. जेवताना ती नेहमीसारखीच होती. तिच्या लक्षात आलं नाही, असं त्यानं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून सोनमचा फोन आला, तोही त्याला.

"दादा, एक फाइल तुमच्या नावाची हाय. विजयसिंह, पेटी. ठेवू का काढू? ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार."

विजयसिंहनं उलट विचारलं,

"आवाजाच्या फाइलीत पेटी न्हाय?"

"न्हाय की. आवाज एकटाच हाय."

म्हणजे वर्षाराणीनं त्या संध्याकाळी मूळ ट्रॅक उघडून आवाज पुन्हा सुटा काढला होता आणि त्याच्या पेटीला वेगळी फाइल करून दिली होती. त्यानं सोनमला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं. ती म्हणाली, दोन्ही चालतंय, म्हणून तर विचारतोय. मग त्याच्या सांगण्यावरून तिनं तो प्रसंग फोनवर दोन्ही प्रकारे वाजवला. पेटीसह शेडमधल्या बाईला कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटत होतं. पेटीशिवाय तिचा श्वास ऐकू येत होता.

"काढ," तो म्हणाला.

वर्षाराणी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तो दारात उभा राहिला. पेटी काढायला सांगितल्याचं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली.

"तुला काढायचीच होती, तर त्या दिवशीच का काढली न्हाईस?"

"चांगली वाजवली होतीसा," ती म्हणाली. "आणि ती काढायला पायजे हे कुणाला कळलंच, तर तुम्हालाच कळंल असं वाटलं."

ती पुन्हा मेथी निवडू लागली. तो तिच्या हातांकडं बघत राहिला. हेही तिलाच जमलं, त्याच्या मनात आलं.