बटण सोडणारा अंगठा

मी एक जुना वायरलेस संच आहे. डाव्या कोपऱ्याला पोचा आलेला, आवाज घोगरा. पण मित्रांनो, या घोगरेपणाला हसू नका, त्यानेच बारा माणसांना नदीबाहेर काढले आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट नदीवरच्या कचेरीत आलो. वरच्या अंगाला, डोंगरात, चार चौक्या होत्या. दर तासाला तिथला माणूस काठाशी उतरे, पाण्याची पट्टी वाचे आणि आकडा मला सांगे. माझी एक खोड आहे. बटण दाबले की बोलता येते, पण ऐकायचे तर ते सोडावेच लागते. आमच्या पहिल्या साहेबांचा अंगठा बटणावरून हलत नसे! त्यांनी साऱ्यांची इतकी खरडपट्टी काढली, की चौक्यांवरून आकड्यापलीकडे अवाक्षर येईना. चुका होतच होत्या, पण मुकाट गिळल्या जात.

मग मॅडम आल्या. चौघांपैकी एकाचेही तोंड त्यांनी पाहिले नव्हते. रोज सकाळचे आकडे झाले की त्या म्हणत, "आता माझी कालची चूक ऐका." कधी नोंद चुकलेली असे, कधी त्या उगीच कुणावर चिडलेल्या असत. मग "तुमची?" म्हणून बटण सोडून देत. पलीकडून नुसती खरखर. मला तर हा चक्क बॅटरीचा अपव्यय वाटे. पंधरा दिवसांनी पहिली चौकी बोलली, मग दुसरी, मग चौथी. तिसऱ्या चौकीचे मामा तेवढे ढिम्म. त्यांच्या निवृत्तीला आठच महिने उरले होते. रोज "काही नाही, मॅडम," एवढेच म्हणत.

त्या दिवशी नऊच्या आकड्यांवर विसंबून बारा कामगार कचेरीजवळच्या पुलाच्या खांबाच्या दुरुस्तीसाठी कोरड्या पात्रात उतरले. वर यायला दोराची एकच शिडी होती. नऊ वीसला माझा दिवा लागला. तिसरी चौकी! पण शब्द नाही, फक्त श्वास ऐकू येत होता.

"मामा?" एवढेच म्हणून मॅडमनी बटण सोडले.

शेजारी पुलाचे इंजिनिअर उभे होते. "अहो, खडसावून विचारा ना काय झालंय!" मॅडमनी हातानेच त्यांना गप्प केले.

"मॅडम, नऊला मी खाली उतरलोच नाही. गुडघा धरला होता. आठचाच आकडा सांगितला. आता उतरलोय... पाणी दोन हात वर आलंय आणि चढतंय. माझं काय करायचं ते करा, पण त्या माणसांना वर काढा."

"बरं केलंत सांगितलंत. आता दर पाच मिनिटांनी आकडा देत राहा, मामा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी भोंग्याचा खटका ओढला.

तिथले पाणी पुलाशी यायला पाऊण तास लागे. नऊपासून धरले तर हाताशी पंचवीसच मिनिटे होती. इंजिनिअर धावत सुटले. मामांचा प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा येत होता आणि माझा आवाज फाटत होता. बारावा माणूस काठावर आला, तेव्हा शिडीच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चारही चौक्यांनी नुसते आकडे दिले. आता मामांची नोकरी जाणार, असेच सारे धरून बसले होते. मीही.

"आता माझी कालची चूक ऐका," मॅडम म्हणाल्या. "मामांचा गुडघा दुखतो का, हे सहा महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही."

त्यांनी बटण सोडले. बराच वेळ खरखर झाली.

"दोन वर्षं दुखतोय, मॅडम," मामा म्हणाले.

आता माझ्या जागी नवी यंत्रे आली आहेत आणि मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मला कुणी पुसले नाही तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या हाती कधी चार दूरची माणसे आली, तर बोलून झाल्यावर अंगठा उचला. पलीकडून नुसती खरखर आली तरी थांबा. तिच्यामागे कुणीतरी धीर गोळा करत असते.