दोन किल्ल्या एका खिशात

एकोणीस दवाखान्यांत मिळून एकच एआय मॉडेल होतं. छातीचा एक्स-रे दाखवला की ते सांगायचं, स्वच्छ आहे की डाग आहे. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, म्हणून ते राखायला एक माणूस पगारावर ठेवला होता. त्याला लोक किल्लेदार म्हणायचे, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. गड्याला ते नाव आवडायचंही.

मॉडेलमध्ये टिकलीएवढा बदल करायचा तरी दोन किल्ल्या लागायच्या, म्हणजे दोन माणसांचे दोन पासवर्ड. एक किल्लेदाराचा, दुसरा मोठ्या डॉक्टरीणबाईंचा. बाईंना दर वेळी उठून यायचा कंटाळा. "तुमच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे," म्हणत त्यांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात ठेवला. किल्लेदाराची छाती फुगली. त्यानं दोन्ही पासवर्ड आपल्या कॉम्प्युटरवर एकाच फाइलीत ठेवले. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्याच्या खुर्चीत कुणीही बसायचं. दवाखान्यांतून कामाला आलेली माणसं, "दोन मिनिटं हं," म्हणून.

रोज सकाळी चहाआधी तो मॉडेलचा ठसा तपासायचा. ठसा म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. मॉडेल कणभर बदललं तरी ती अख्खी बदलते. ताडून बघायला मूळ ठसा हवा, तो त्यानं मॉडेलच्या शेजारीच ठेवला होता, शोधाशोध नको म्हणून. दोन्ही ताडायचे, वहीत 'जुळला' लिहायचं आणि चहा मागवायचा.

त्याची थोरली बहीण खोकायला लागली, तेव्हा तो तिला स्वतः घेऊन आला. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. "डॉक्टर काहीही सांगतात रे," ती म्हणाली. "तू राखतोस त्या मशीनला विचार." मशीन म्हणालं, स्वच्छ. "बघ ताई, उगाच घाबरलीस," असं म्हणून त्यानं तिला घरी सोडलं आणि ती शिलाईच्या कामाला लागली.

पाच महिन्यांनी तिच्या खोकल्यातून रक्त आलं. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हा काय डाग, बोराएवढा! तेव्हाच काढला असता की. आता दोन्हीकडे पसरलाय."

किल्लेदार धावत ऑफिसात आला. पहिल्या दिवसाची मूळ प्रत त्याच्या कपाटातल्या डिस्कवर होती. तिला तो एक्स-रे दाखवला. ती म्हणाली, डाग. चालू मॉडेल म्हणालं, स्वच्छ. ताईचा एक्स-रे काढण्याच्या दीड महिना आधीच कुणीतरी मॉडेलला लहान डाग न बघायला शिकवलं होतं. पुढच्या तपासणीला पाठवायचे पेशंट फार होतात, या वैतागापायी असेल. आणि शेजारचा मूळ ठसाही बदलून ठेवला होता. नोंदीत बदलाला मंजुरी दोघांची होती, त्याची आणि बाईंची, दोन्ही त्याच्याच कॉम्प्युटरवरून, भर दुपारी. कुंपणानं शेत खाल्लं नव्हतं. कुंपण नुसतं रोज 'जुळला' लिहीत बसलं होतं.

त्या खुर्चीत कोण कोण बसलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एकोणीस दवाखान्यांतले साडेसहा महिन्यांचे एक्स-रे पुन्हा तपासायचे होते. त्यांतल्या किती जणांना उशीर झाला असेल, कोण जाणे. त्यानं मॉडेल बंद केलं आणि सगळं खरं सांगायचं ठरवून तो ताईकडे गेला.

ताई उशांना टेकून बसली होती. त्याचं तोंड बघून तिनंच त्याचा हात धरला. "मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा नसेलच काही. असतं तर तुझ्या मशीननं सोडलं नसतं."

"ताई, ऐक ना..."

"आधी माझं ऐक. चार दिवस झाले, पोरगी खोकतेय. मला घोर लागलाय. तिला तुझ्याकडेच ने. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

भाची दारात उभी होती, तोंडावर ओढणी धरून. किल्लेदारानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नेतो," तो म्हणाला.