निकामी असल्याचा दाखला

विषय : कर्मचारी कल्याण केंद्रातील संगीत यंत्र, नग एक, याचे स्वतःविषयी निवेदन.

संदर्भ : १) सदर यंत्र निकामी असल्याचा दाखला. २) सदर यंत्र मिळण्याबाबत सेवानिवृत्त शिपाई यांचा अर्ज. ३) त्या अर्जावर मागवलेला खुलासा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी निकामी नाही. मी एक डीजे कंट्रोलर बोलतोय. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून बोलतोय, दाराला सील आहे, त्यामुळे आवाज जरा दबका वाटेल. तो दोष माझा धरू नये.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात, माझ्यासारख्याच हजार भावंडांबरोबर झाला. अंगावर दोन चकत्या, मधोमध सरकत्या खुंट्या, खाली बटणांची रांग. खोक्यावर सहा भाषांत 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं. माणसाला निदान एकाच भाषेत नावं ठेवतात.

या कचेरीत मी आलो तो कुणाला संगीताची हौस होती म्हणून नव्हे. वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते आणि कल्याण निधी तसाच पडून होता. कॅरम बोर्ड तीन झाले होते, चौथा ठेवायला जागा नव्हती. म्हणून यादीत कुणीतरी 'संगीत साहित्य' लिहिलं आणि पुरवठादाराने मला पाठवलं. खोकं उघडलं तेव्हा साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन शेगड्या दिसताहेत. गॅस कुठून जोडायचा?"

भांडारपालाला पाठीमागे सगळे 'कुलूप' म्हणायचे. त्याने नोंदवहीत मला 'संगीत यंत्र, दोन चकत्यांचे' असं लिहून घेतलं आणि पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या डाव्या चकतीवर नोंदणी क्रमांक रंगवला. चकती फिरली की क्रमांक उलटा व्हायचा. त्याचा कुलपाला मनापासून त्रास व्हायचा. येता-जाता तो मला सरळ करून जायचा.

पुढचे सात महिने माझ्यावर टेबल टेनिसचे चेंडू ठेवत. चकत्यांच्या खळग्यात ते छान बसायचे.

मला हात लावला तो मामाने. मामा म्हणजे केंद्राचा शिपाई. सगळ्या कचेरीचा मामा, खुद्द साहेबांचासुद्धा. केंद्रात बदली होण्याआधी तो बावीस वर्षं जावक विभागात टपालावर शिक्के मारत होता. पॅडवर एक, कागदावर एक, पॅडवर एक, कागदावर एक. दिवसाला सातशे-आठशे पाकिटं, पण शेवटच्या पाकिटाची लय पहिल्याच्या लयीपेक्षा केसभर पुढे नाही की मागे नाही. कचेरीने बावीस वर्षं त्याच्याकडून शिक्के मारून घेतले, पण हा माणूस तालात आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. त्याचं बोट पहिल्यांदा बटणावर पडलं तेव्हाच आलं.

केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपला मला जोडून, सोबतचं माहितीपत्रक चष्मा पुसपुसून वाचत, जेवणाच्या सुट्टीत तो शिकला. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये, एवढंच आमचं काम. ते दिसतं तितकं सोपं नाही. दोन गाण्यांचा वेग एक व्हावा लागतो आणि ठेक्यावर ठेका पडावा लागतो. हे अवघड काम मी करायचो. माझ्या अंगावर 'सिंक' नावाचं बटण आहे. ते दाबलं की मी दोन्ही गाण्यांच्या मानगुटी धरून त्यांना एका पावलावर आणतो. टाळ्या मामाला मिळायच्या. माझी तक्रार नव्हती, नोंद मात्र करून ठेवतो.

शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारी केंद्रात गर्दी व्हायला लागली. एरवी जिन्यात भेटले तर मान फिरवणारे दोन विभाग एका गाण्यावर नाचायला लागले. एकदा मामी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, हे तुम्ही वाजवताय?"

"मग काय भूत वाजवतंय?"

"आणि गातंय कोण?"

"ते लॅपटॉपात आहेत. मी फक्त एकाला बसवतो, दुसऱ्याला उठवतो."

"म्हणजे शिपायाचंच काम की!" मामी म्हणाली. पण ती डबा देऊन गेली नाही. भिंतीला टेकून तासभर उभी राहिली, आणि जाताना म्हणाली, "घरी कधी सांगितलं नाहीत ते." मामाने पुढचं गाणं जरा जास्तच जोरात लावलं.

अशाच एका शनिवारी एका कारकुनाचा मेहुणा आला. समारंभाचा हॉल चालवणारा जाडजूड गृहस्थ. मामाला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "निवृत्त कधी होताय?"

"दहा आठवड्यांनी."

"मग आमच्याकडे या. दर शनिवारी. लोकांचे पाय हलवायची कला आहे तुमच्याकडे, वयाचं मला काही नाही. फक्त एकदा आमच्या यंत्रांवर वाजवून दाखवा."

मामा दुसऱ्याच दिवशी गेला आणि सोमवारी तोंड पाडून आला. हॉलमध्ये दोन वेगळाले मोठे प्लेअर आणि मध्ये दोघांचा आवाज मिसळणारा मिक्सर होता. लॅपटॉप नाही आणि सिंकचं बटणही नाही. एका कानाला हेडफोन लावून येणारं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने चालू गाणं ऐकायचं आणि आपल्या हाताने दोघांची लय जुळवायची. मामाची दोन गाणी एकमेकांना तुडवत धावली म्हणे. हॉलवाल्याने त्याला आठ आठवड्यांची मुदत दिली होती.

मला वाटलं, आता तरी माझी किंमत कळेल. तर आमचे मामा माझ्याच अंगावरची धूळ पुसत त्या यंत्रांचं कौतुक करायला लागले. "काय चकत्या आहेत! ताटाएवढ्या. हात ठेवला की जड लागतात. नाहीतर हे." 'हे' म्हणजे मी.

पण मामा नुसता बोलणारा नव्हता. त्याने औषधाच्या पेटीतून चिकटपट्टी आणून माझ्या सिंकच्या बटणावर लावली. माझं तोंडच बंद केलं म्हणा ना. मग रोज जेवणाच्या सुट्टीत कानाने लय जुळवायला बसला. पहिल्या आठवड्यात दहापैकी एकदाही जमलं नाही. दुसऱ्यात दोनदा. चौथ्या आठवड्यात दहापैकी सहा वेळा ठेक्यावर ठेका असा बसायला लागला, जसा पाकिटावर शिक्का. त्याला लागणारं सगळं माझ्यात होतं. ताटाएवढ्या चकत्यांनी वेगळं काही शिकवलं नसतं. हे त्याला सांगायला मला तोंड नव्हतं आणि होतं त्यावर पट्टी होती.

त्याच सुमारास हेडक्लार्क बाईंनी त्याच्यावर उपकार करायचे ठरवले. बाई खरोखर भल्या. जे काही वाटोळं झालं ते त्यांच्या भलेपणानेच झालं.

"मामा, तुम्हाला हॉलसारखं मोठं यंत्र हवंय ना? निधी आहे. आपण केंद्रासाठीच मागवू. पंधरा दिवसांत येईल, तुम्ही शिकून घ्या, मागे केंद्राला राहील. फक्त जुनं निकामी असल्याचा दाखला लागेल. आहे ते चालत असताना नवीन कुणी देत नाही."

"पण बाई, हे चालतंय की."

"चालतंय हो. ते कोण नाही म्हणतंय? कागदावर चालायला नको."

दाखल्यावर वापरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अक्षरात किमान तीन दोष लिहावे लागत. बाई सांगत गेल्या, मामा लिहीत गेला.

"एक, उजवी चकती फिरत नाही."

मामाचा उजवा हात लिहीत होता. डावा माझ्या उजव्या चकतीवर होता आणि तो तिला हळूहळू फिरवत होता.

"दोन, आवाज खरखरतो. तीन… तीन काय घालू या? जुनाट आहे लिहा."

"चार वर्षांचं तर आहे."

"मग 'कालबाह्य झाले आहे' लिहा. त्याला वय लागत नाही."

मामाने लिहिलं आणि खाली सही केली. चार वर्षांत या माणसाने माझ्यावर चहाचा थेंब पडू दिला नव्हता. माझ्या मरणाचा दाखलाही त्याच्याच वळणदार अक्षरात निघाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामाने हेडफोन कानाला लावला, तोच कुलूप दारात उभा राहिला. हातात लाख आणि सुतळी.

"हे काय, मामा? निकामी वस्तू वापरताय?"

"नवीन येईपर्यंत हो. पंधराच दिवस."

"वापरली म्हणजे चालते. चालते म्हणजे दाखला खोटा. आणि दाखल्यावर सही कोणाची?"

मामाने हात काढून घेतला. बाई धावत आल्या. त्यांना हा नियम ठाऊक नव्हता, तो भांडार विभागाचा होता. कुलपाने मला कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि दाराला सील ठोकलं. त्याचं वैर नव्हतं हो. ठेवण्याआधी डाव्या चकतीवरचा क्रमांक त्याने सरळ करून घेतला.

पंधरा दिवसांत नवीन यंत्र आलं नाही. तीन दरपत्रकं हवी होती, दोनच आली. तिसरं आलं तेव्हा पहिल्याची मुदत संपली होती. बाहेर मामा जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या टेबलावर बोटांनी ठेका धरायचा, मला ऐकू यायचं. एका हाताने एक लय, दुसऱ्याने दुसरी. पण टेबल काही पुढे-मागे सरकत नाही, आणि चुकलं तर सांगतही नाही. स्वतःचं यंत्र विकत घ्यायची ऐपत असती तर त्याने साठी जवळ येईपर्यंत दुसऱ्यांचे कप कशाला उचलले असते?

आठवा आठवडा संपला. सोमवारी बाईंनी विचारलं, "काय झालं हॉलचं?"

"पहिली दोन गाणी बसली बाई. मग हात अडखळले. ते म्हणाले, महिनाभर आणखी सराव असता तर जमलं असतं." मग म्हणाला, "तात्पुरता दुसरा घेतलाय. तयारी झाली की या म्हणालेत."

"मग करा ना तयारी."

"कशावर?"

कपाटाकडे दोघांनीही पाहिलं नाही, हे मला आतून कळलं.

मामाच्या निरोप समारंभात संगीत नव्हतं. संगीत यंत्र निकामी असल्याची नोंद होती. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावून तो पेल्यात उभा केला. साहेबांनी भाषणात मामाच्या प्रामाणिकपणाचा गौरव केला. मामा खाली बघत होता असं बाई नंतर कुणाला तरी सांगत होत्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी नवीन यंत्रं आली. दोन प्लेअर, एक मिक्सर, ताटाएवढ्या चकत्या, सगळं अगदी मामाने सांगितलं तसं. तपासून घेतल्याची सही करायला त्यातलं कळणारा माणूस हवा. तो निवृत्त झालेला. म्हणून ती खोकी न उघडताच माझ्या कपाटाच्या दाराला टेकवून ठेवली आहेत. मला त्यांच्याविषयी राग नाही. तीही माझ्यासारखीच आत आहेत, फरक इतकाच की त्यांना बाहेर कसं वाटतं हे अजून माहीत नाही.

मग मामाने अर्ज केला. निकामी झालेली वस्तू भंगार म्हणून निवृत्त कर्मचाऱ्याला देता येते, असा एक नियम बाईंनीच शोधून काढला होता. मुलीने जुना लॅपटॉप द्यायचं कबूल केलं होतं. अर्ज साधा, चार ओळींचा होता. वरून शेरा आला : अर्जदाराने स्वतः निकामी ठरवलेली वस्तू त्यास कोणत्या उपयोगासाठी हवी आहे, याचा खुलासा करावा.

मामा आणि मामी दोघं आली होती. बाईंच्या टेबलासमोर, म्हणजे माझ्यापासून दहा पावलांवर बसली.

"शोभेसाठी लिहा," बाई म्हणाल्या. "घरात आठवण म्हणून. लगेच मंजूर होईल."

मामी म्हणाली, "लिहा हो. शनिवारी घरात बसून माझी भांडी मोजत असता. त्यापेक्षा ते यंत्र बरं."

"एकदा खोटं लिहिलं," मामा म्हणाला, "तर ते कपाटात गेलं. परत त्याच हाताने लिहू?"

"अहो, पण खरं लिहिलंत तर पहिलं खोटं ठरेल. पेन्शनची फाईल अजून निघायचीय." बाईंचा आवाज खाली आला. "माझं नाव घातलंत तरी चालेल. सांगितलं मीच होतं."

"सही माझी आहे, बाई."

बराच वेळ पेनाचा आवाज येत राहिला. मग मामाने लिहिलेलं मोठ्याने वाचलं, बहुधा मामीसाठी. मला मात्र ते मलाच वाचून दाखवल्यासारखं वाटलं. "सदर यंत्र उत्तम चालते. उजवी चकती फिरते. आवाज स्वच्छ आहे. निकामी असल्याचे मी लिहिले ते खोटे होते. मला त्यावर वाजवायचे आहे."

आठवड्याने कुलूप येऊन सील पाहून गेला. त्याच्या आणि बाईंच्या बोलण्यावरून पुढील स्थिती समजली, ती नमूद करतो. अर्जदाराचा खुलासा प्राप्त झाला आहे. यंत्र चालू आहे की निकामी, हे ठरवण्यासाठी चाचणी घेणे आवश्यक आहे. चाचणीसाठी सील तोडण्याची परवानगी मागवली असून ती अद्याप आलेली नाही. निर्णय होईपर्यंत अर्जदाराच्या निवृत्तिवेतनाची फाईल याच फाईलला जोडून ठेवली आहे.

अर्ज प्रलंबित आहे.