पाच बोटांची दुपार

स्वप्नात माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताला पाच बोटं असतात. त्यावरूनच मला कळतं की हे स्वप्न आहे, कारण जागेपणी त्याला तीनच आहेत. उरलेली दोन अकरा वर्षांपूर्वी माझ्या मशीनखाली गेली.

मी छापखान्यात कागद कापतो. कटिंग मशीनला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच सुरी खाली येते. मशीन बनवणारा शहाणा होता; माणसाचे दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असले की ते सुरीखाली जाणार कसे? पण जगात दीडशहाणेही असतात. मी डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी खोचून ते कायमचं दाबून ठेवायचो. मग एका हाताने कापायचं आणि दुसऱ्याने पुढची थप्पी ओढायची. काम झपाझप उरकायचं, मालक पाठ थोपटायचे, आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो. त्या दिवशी धाकटा माझ्या मदतीला होता. थप्पीची कड जुळत नव्हती म्हणून त्याने हात आत घातला. मला त्याची बोटं दिसली. अगदी स्पष्ट दिसली. आणि तरी अंगठा दाबला गेला.

मालक धावत येईपर्यंत मी दोन कामं केली. धाकट्याचा हात फडक्यात गुंडाळला आणि पुठ्ठा काढून खिशात घातला. आधी कुठलं केलं ते विचारू नका.

पुठ्ठा निघाल्यावर मशीन निर्दोष, मीही निर्दोष. मग उरला कोण? "त्याने मध्येच हात घातला," असं मी सांगितलं, आणि त्यात खोटं तरी काय होतं! आई जाईपर्यंत म्हणत राहिली, "लहानपणापासून वेंधळाच तो." मालकांनी मेहरबानी म्हणून त्याला लेबलं चिकटवायला ठेवून घेतलं आणि त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर पाटी लावली, 'कामात लक्ष ठेवा.' नवीन माणूस आला की मालक आधी पाटी दाखवतात, मग धाकट्याचा हात. धाकटा हसून हात वर करतो. मी तेव्हा पाठ फिरवून सुरी पुसत असतो. ती स्वच्छ असली तरी पुसतो.

दुपारी जेवण झालं की मी अर्धा तास कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा होतो. तेवढ्यात ते स्वप्न येतं. मशीन, थप्पी, धाकट्याचा हात, पाच बोटं. अरे, हे तर स्वप्न आहे, असं मी स्वतःलाच सांगतो. आणि अंगठा आपला दाबायला निघतो.

घरात सगळ्यांना वाटतं, भावासाठी माझा जीव तुटतो म्हणून हे स्वप्न पडतं. किती छान वाटतं ऐकायला! पुठ्ठ्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

धाकट्याची मुलगी कॉलेजात मनाबिनाचं काहीतरी शिकते. ती कधी गप्प बसत नाही म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो. एका रविवारी तिने मला धरलं.

"काका, स्वप्नात तुम्हाला कळतं ना, की हे स्वप्न आहे?"

"कळतं."

"मग थांबवा की."

"थांबवा म्हणे! सिनेमा चाललाय हे कळलं म्हणून पडद्यावरची गाडी थांबते का गं?"

ती हसली. "म्हणजे कळतं पण वळत नाही. अहो, तसंच असतं. स्वप्नात भान येणं वेगळं आणि स्वप्न आपल्या ताब्यात येणं वेगळं. लोकांना वाटतं, एक आलं की दुसरं आपोआप आलंच. पण तसं नसतं. तुम्ही एकदम बटणावर जाता ना, तिथेच चुकतं. आधी काहीतरी फालतू बदलून बघा."

वीतभर पोरगी मला झोपायला शिकवणार, म्हणून मी वैतागलो. पण करून पाहिलं. पहिल्या दिवशी स्वप्नातला पंखा बंद करायला गेलो, तर तो आणखी जोरात फिरायला लागला. मग भिंतीचा रंग बदलायचा प्रयत्न केला, भिंत ढिम्म. दोन महिन्यांनी मालकांना मिशा फुटल्या. चांगल्या झुबकेदार. मी झोपेत खदाखदा हसलो, असं शेजारी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने नंतर सांगितलं. "डोक्यावर परिणाम झालाय म्हाताऱ्याच्या," असंही म्हणाला.

आणि काल दुपारी अंगठा थांबला.

बटणापासून बोटभर वर, हवेत. मीच थांबवला. धाकट्याने हात सावकाश बाहेर काढला, पाची बोटं झटकली आणि माझ्याकडे बघून हसला. मला रडू आलं. एवढ्यावर जाग आली असती तर मी सुखी माणूस होतो. पण माझी नजर डाव्या बटणाकडे गेली. पुठ्ठा तिथेच होता. म्हटलं, काढ. स्वप्नच आहे, कोण बघतंय? पण हात हलेना. मालकांना मिशा फुटल्या, अंगठा थांबला, आणि तो वीतभर पुठ्ठा काही मला उपटता येईना. घामाघूम होऊन उठलो.

संध्याकाळी घरी मी फक्त अंगठ्याचं सांगितलं. रेडिओने टाळ्या पिटल्या. "बघा! सुटलात की नाही काका!" म्हणत ती तिच्या आईला सांगायला आत पळाली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. धाकटा तीन बोटांत किटली धरून चहा ओतत होता. त्याला एवढी सवय झालीय की थेंब सांडत नाही.

"बरं झालं दादा," तो म्हणाला. "आता नीट झोपशील." मग कप माझ्यापुढे सरकवत, गॅस बंद केलास का असं विचारावं तितक्या साधेपणाने त्याने विचारलं, "आणि तो पुठ्ठा? तो काढलास का?"

अकरा वर्षं त्याला माहीत होतं. त्या पाटीखाली बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवत, आईचं वेंधळा वेंधळा ऐकत, हा माणूस गप्प राहिला होता. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडणं मला जमतं. तो फक्त वाट बघत होता. मला एकच शब्द बोलायचा होता. माझं तोंड कुणी दाबून धरलं नव्हतं. जीभ माझीच होती.

मी सवयीने त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं मोजली. तीन.

"कुठला पुठ्ठा?" मी म्हणालो.